पखवाजाची कणीक

या, असे पुढे सरका. मागे बसलं की निम्मी गोष्ट कानावर पडते आणि उरलेली निम्मी माणूस आपल्या मनाने भरतो, मग गावभर भलतीच गोष्ट फिरते. चपला त्या खांबापाशी राहू द्या, तिथून कुणी नेत नाही. मी तुम्हाला मुकुंदरावांच्या उंदरांची हकिगत सांगणार आहे. हसू आलं तर खुशाल हसा. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की ज्या दिवशी हे घडलं त्या दिवशी भर मांडवात उभ्या असलेल्या मुकुंदरावांच्या तोंडाला कोरड पडली होती.

मुकुंदराव तालुक्याच्या एका कचेरीत अव्वल कारकून. गाव आमचं केदारखेड्याच्या अलीकडे, आणि मुकुंदरावांचं घर गावाच्या अगदी टोकाला, नाल्याच्या काठावर. नाल्याच्या पलीकडे बाभळी-लिंबाची झाडी. जागा अशी छान, की पाहुणा आला की म्हणतो, काय शांत आहे हो तुमच्याकडे. पाहुण्याला कुठे माहीत, की शेतातला गहू-हरभरा निघाला आणि नाला आटला, की झाडीतले उंदीर सहकुटुंब नाला ओलांडतात, आणि त्यांच्या वाटेवरचं पहिलं घर मुकुंदरावांचं.

तरी मुकुंदरावांनी उंदरांचं कधी फार मनाला लावून घेतलं नव्हतं. गणपतीचं वाहन आहे, दोन दाणे खाईल, एखादं धोतर कुरतडेल. घोर होता तो पखवाजाचा. गावच्या भजनी मंडळाचा पखवाज त्यांच्या घरी राहतो. घर पक्कं, माणूस माळकरी, कीर्तन म्हटलं की कचेरीत अर्धी रजा टाकणारा. त्यांच्याकडे हा मान चालत आलेला. आता पखवाजाचं असं असतं, की त्याच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. कीर्तन झालं की ती खरवडून काढतात. पण कितीही खरवडा, वास कातड्यात राहतोच. माणसाला तो कळत नाही. उंदराला नाल्यापलीकडून कळतो.

गेल्या वर्षीच्या सप्ताहात तिसऱ्या दिवशी पखवाजाला लिंबाएवढं भोक पडलेलं निघालं. उरलेला सप्ताह उसन्या ढोलकीवर काढावा लागला. ढोलकी वाईट वाद्य नाही, पण ती वाजायला लागली की टाळकऱ्यांचे पाय भलत्याच ठेक्यात पडतात, आणि एक म्हातारा तर दोन कडव्यांच्या मध्ये शिट्टी वाजवून मोकळा झाला. पखवाज वाजवणारे भागवत आबा पाच दिवस कुणाशी बोलले नाहीत. शेवटच्या दिवशी फक्त मुकुंदरावांना म्हणाले, "मुकुंदा, तुझ्या भरवशावर ठेवला होता." बस. तेवढं वाक्य मुकुंदरावांना वर्षभर पुरलं.

म्हणून यंदा चैत्राचा सप्ताह महिन्यावर आला तसे मुकुंदराव कामाला लागले. यंदा पखवाजाला दात लागला, तर तो मान दुसऱ्या घरी जाणार, असं मंडळात ठरल्यातच जमा होतं.

पहिल्यांदा त्यांनी अर्ज केला. सरकारी माणूस आहे, आधी अर्जच सुचणार. ग्रामसेवकाने विचारलं, उंदीर घरातले की शेतातले? शेतातले असतील तर कृषी खातं, घरातले असतील तर आरोग्य खातं. मुकुंदरावांनी प्रामाणिकपणे लिहिलं, की उंदीर झाडीतून निघून नाल्यातून घरात येतात. आरोग्य खात्याने शेरा मारला की उगम वनक्षेत्रात आहे. वनरक्षक म्हणाला, झाडीत होता तोवर आमचा, नाला ओलांडला की तुमचा. अर्ज तीन टेबलं फिरून 'त्रुटीची पूर्तता करावी' असा शेरा घेऊन परत आला. वीस वर्षं स्वतः हाच शेरा मारत आलेल्या मुकुंदरावांनी तो कागद उजेडाला धरून पाहिला. अक्षरही त्यांच्यासारखंच होतं म्हणे.

मग पिंजरा आणला. पहिल्याच दिवशी एक धट्टाकट्टा उंदीर सापडला, डावा कान फाटलेला. मारायचं मन होईना. मुकुंदरावांनी पिंजऱ्यावर वर्तमानपत्र गुंडाळलं आणि सकाळी सकाळी नाल्यापलीकडे निघाले. वाटेत तिघांनी विचारलं, भाऊसाहेब, पेढे कशाचे? शेवटी उंदीर सोडला, नमस्कार केला, परत आले. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात फाटक्या कानाचा तोच उंदीर. तिसऱ्या दिवशीही तोच. चौथ्या दिवशी तो पिंजऱ्यात नव्हता, पिंजऱ्यावर बसला होता.

मग बदनापूरहून मेहुणीची मांजर आणली. एसटीत मांडीवर घेऊन, वर उपरणं झाकून. मांजर उपरण्यातून ओरडली, की मुकुंदराव खोकल्यासारखं करत. शेजारच्या बाईने दया येऊन त्यांना खडीसाखर दिली. मांजर घरी आली, देवापुढची दुधाची वाटी तिने चाटली, घर एकदा फिरून पाहिलं आणि शेजारच्या रामरावांकडे राहायला गेली. तिकडे म्हशी आहेत.

हे रामराव म्हणजे गावचे सल्लागार. त्यांना विचारावं लागत नाही. कांदा कापून ठेवा, पुदिना लावा, उंबऱ्यावर तंबाखूची पूड टाका, असे रोज एक या हिशेबाने त्यांनी पंधरा उपाय दिले. प्रत्येक उपाय त्यांच्या सासुरवाडीला हमखास लागू पडलेला होता.

खरा सल्ला दिला तो संघपालने. संघपाल आमच्या गावचा कृषी सहायक, बोलायला मोजका, कामाला चोख. तो एका सकाळी आला, कुठेही न टेकता घराभोवती दोन चकरा मारल्या आणि मुकुंदरावांच्या बायकोने, रजनीताईंनी, दिलेला चहा घेत म्हणाला, "भाऊसाहेब, उंदराच्या मागं पळू नका, त्याचं जेवण बंद करा." न्हाणीची मोरी अन् भिंतीतली भोकं जाळी लावून सिमेंटने बुजवायची, धान्य पत्र्याच्या कोठीत, कोठी विटांवर, घरामागचं काटेरी रान नाल्यापर्यंत साफ. आणि घरात औषध ठेवायचं नाही, बिलकुल न्हाई. रजनीताईंनी मान डोलावली. त्याच आठवड्यात त्यांनी मोरीला जाळीही बसवून घेतली. पण मुकुंदरावांना ते काही पटलं नाही. इतकं सोपं असतं, तर त्यांचा तीन टेबलं फिरलेला अर्ज कशासाठी होता? शिवाय ह्या कामाला महिना लागणार आणि सप्ताह तोंडावर आला होता.

सप्ताहाचे सहा दिवस पखवाज धड राहिला, कारण मुकुंदराव जवळजवळ त्याला मिठी मारूनच झोपत होते. सहाव्या दिवशी दुपारी पखवाजाच्या कापडी गवसणीला दाताच्या खुणा दिसल्या. फक्त गवसणीला. पण मुकुंदराव पखवाज उचलून उजेडात, अंगणात घेऊन आले. रामरावांनी कुंपणावरून हे पाहिलं आणि कागदाची एक पुडी आणून दिली. आत काळी पूड. पिठात मळून ठेवा म्हणाले, सकाळपर्यंत मैदान साफ.

मुकुंदरावांनी देवघराकडे पाठ केली. रजनीताई मांडवात भाजी निवडायला गेल्या होत्या. मुकुंदरावांनी दोन मुठी कणीक मळली, पूड मिसळली, आणि हाताला सापडली त्या वाटीत गोळा ठेवून वाटी पखवाजाशेजारी, स्टुलावर ठेवली. उंदीर पखवाजाकडे आलाच तर आधी वाटीकडे जाईल, असा हिशेब. रजनीताईंना सांगितलं नाही. औषध म्हटल्यावर त्यांनी वाटीसकट नवऱ्याला बाहेर काढलं असतं. सकाळी उठून उचलू, कुणाला कळणारही नाही, असं मुकुंदराव मनाशी म्हणाले. माझ्या अनुभवाने सांगतो, माणूस 'कुणाला कळणारही नाही' असं म्हणाला, की आता ते भर मांडवात कळणार असं समजून तोरण बांधायला घ्यावं.

दुसरा दिवस काल्याचा, म्हणजे सप्ताह उठायचा. पहाटेच मुकुंदरावांना निरोप आला, की वीणेचा पहारा द्यायला या, आधीचा माणूस तापाने फणफणला आहे. आता वीणेचं तुम्हाला ठाऊक आहे. सप्ताह बसला की उठेपर्यंत वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्याच गळ्यात जाते, आणि गळ्यात असेपर्यंत माणूस मांडव सोडत नाही. मुकुंदराव अंघोळ करून तसेच पळाले. वाटी स्टुलावरच राहिली.

काल्याच्या कीर्तनाला मांडव भरून गेला. कीर्तनकार महाराज उभे राहिले, त्यांच्या मागे वीणा घेऊन मुकुंदराव, बाजूला आबांची बैठक. आबा बहात्तर वर्षांचे, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि पन्नास वर्षं पखवाजाशेजारी राहून कानांनीही रजा घेतलेली. त्यांनी गवसणी सोडली, मांडीवर पखवाज घेतला, आणि पिशवीतून एक वाटी काढली.

स्टीलची वाटी. काठावर रजनीताईंच्या माहेरचं नाव कोरलेलं.

आबांनी गोळा उचलून दोन तळव्यांमध्ये थापला, डाव्या तोंडावर बसवला, पाण्याचा हात फिरवला आणि मुकुंदरावांकडे बघून असे प्रेमाने हसले, की मुकुंदरावांना वीणेची तार सापडेना. झालं होतं ते एवढंच, की आबा सकाळी पखवाज न्यायला घरी गेले, शेजारी मळलेली कणीक दिसली, आणि त्यांना वाटलं पोराने आपल्यासाठी आठवणीने मळून ठेवली. रजनीताईंना म्हणालेही, मुकुंदा फार जपतो.

मुकुंदराव थोडे कलले आणि म्हणाले, "आबा, कणीक."

"हाव, लई झ्याक मळली," आबा म्हणाले. "जराशी सुकून राह्यली, दुसरं काय न्हाई." आणि त्यांनी आणखी पाणी लावलं.

आता त्या पुडीचा एक गुण रामरावांनी सांगितला नव्हता. ती रात्रभर मुरून पुन्हा ओली झाली की तिला लसणाचा वास सुटतो. सप्ताहाच्या सात दिवसांत आमच्या गावात कांदा-लसूण बघायलाही मिळत नाही, आणि इथे काल्याच्या मांडवात, महाराजांच्या पायापाशी लसूण दरवळायला लागला. पुढच्या रांगेतल्या माळकऱ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग एकमेकांना हुंगलं. महाराज गोकुळात पोहोचले होते, ते मधेच थांबले, नाकाला उपरणं लावलं आणि पुन्हा यमुनेकडे वळले. रामराव ताडकन उठले आणि स्वयंपाकाच्या मांडवाकडे गेले. आचाऱ्याची झडती झाली. आचाऱ्याने गळ्यातली माळ हातात धरून शपथ घेतली, वर असंही म्हणाला म्हणे, की चारशे माणसांची भाजी बिनलसणाची करून बघा मग बोला.

इकडे मुकुंदराव वीणा धरून उभे. ते मनातल्या मनात भराभर हिशेब करत होते. आबांची एक गाय आहे, काशी. पखवाजाची कणीक खरवडली की आबा ती फेकत नाहीत, देवापुढे वाजलेली कणीक म्हणून काशीला चारतात. ती आज संध्याकाळी मरेल. हे कमी होतं म्हणून की काय, त्यांना दुसरं आठवलं. आमच्या गावात काल्याचा पहिला घास महाराजांच्या तोंडात पखवाजी घालतो, स्वतःच्या हाताने. मग तोच हात दह्या-लाह्यांच्या मडक्यात जातो आणि सगळ्या गावाला वाटतो. मांडवात पोरंबाळं होती. पहिल्या रांगेत दोन गरोदर सुना बसल्या होत्या.

वीणा गळ्यात. जाता येईना, बसता येईना, टेकवता येईना. रामराव चौकशी करून परत आले तसा मुकुंदरावांनी त्यांना डोळ्यांनी खुणावलं, वीणा घ्या. रामरावांनी गालाला बोट लावून दाखवलं, तोंडात तंबाखू आहे, वीणा कशी घेऊ. बाकीच्यांचे डोळे मिटलेले. मुकुंदराव दोन पावलं आबांकडे सरकले, तर टाळकऱ्यांना वाटलं यांना भाव अनावर झाला, त्यांनी जागा करून दिली. मुकुंदराव पखवाजापुढे वाकले, हाताने नको नको करू लागले. टाळकरीही तसेच हात हलवत नाचायला लागले. काल्याचं कीर्तन म्हणजे खेळच, त्यात कोण कशाला थांबवतो. एका म्हाताऱ्याने मुकुंदरावांच्या पायावर डोकं ठेवलं. महाराजांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्यांना घातला आणि म्हणाले, बघा, असा भक्त पाहिजे. मुकुंदरावांना तेव्हा रडू फुटलं, त्याचाही लोकांनी जयजयकार केला.

मग वर टांगलेली काल्याची हंडी खाली आली. आबांनी पखवाज बाजूला ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठले, तोच कणकेचा हात धोतराला पुसला आणि मडक्याकडे निघाले. महाराजांनी तोंड उघडलं.

मुकुंदराव सांगतात, की त्या क्षणी त्यांना सगळं दिसत होतं. मंडळ, कचेरी, रजनीताईंचं माहेर, फाटक्या कानाचा उंदीर. पण सगळ्यात जास्त दिसत होता तो आबांचा हात, मडक्यापासून वीतभर वर. त्यांनी महाराजांच्या खांद्यावरून पुढे होऊन माईक धरला.

"थांबा," ते म्हणाले, "आबांच्या हाताला उंदराचं औषध लागलंय. कणकेत होतं. मी ठेवलं होतं."

महाराजांनी उघडलेलं तोंड मिटलं. आणि बायकांच्या बाजूने रजनीताईंनी विचारलं,

"कोणत्या वाटीत?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मुकुंदरावांनी आजतागायत दिलेलं नाही.

महाराजांनी आबांचं मनगट घट्ट धरलं होतं. आबांना काही ऐकू आलं नव्हतं, ते हसून हात सोडवायला बघत होते. इतक्यात पंगतीसाठी आलेला संघपाल मागून पुढे आला. त्याने मडकं लांब सरकवलं, साबण आणि पाण्याची बादली मागवली, आणि आबांना बसवून त्यांचे हात नखांपासून कोपरापर्यंत तीनदा धुतले. तोंडात बोट घातलं का, पाणी प्यालात का, असं कानाशी जाऊन विचारलं. मग हातात पिशव्या चढवून ती कणीक, ती वाटी आणि पखवाजाचं ते कातडं, सगळं झाडीच्या कडेला खोल खड्ड्यात पुरलं, वर दगड रचले, गुरं फिरकू नयेत म्हणून. जाताना दवाखान्याच्या डॉक्टरला फोन करून आबांना तपासायला बोलावलं. एवढं सगळं करून तो 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाला नाही. मुकुंदराव म्हणतात, म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

आबांना मग सगळं ओरडून सांगावं लागलं. मुकुंदरावांनी पहिल्यांदा काशीचं नाव घेतलं. आबांनी ऐकलं आणि धुतलेले हात मांडीवर पालथे ठेवले. मुकुंदरावांना वाटलं, आता गेल्या वर्षीसारखं एक वाक्य येणार, आणि हे वाक्य जन्मभर पुरणार. वीणा अजून गळ्यातच होती, महाराजांचा हारही.

आबा उठले. रामरावांनी आणखी पाणी पुढे केलं, ते त्यांनी बाजूला सारलं. मडक्यात हात घातला, दही-लाह्यांचा घास केला आणि महाराजांना ओलांडून मुकुंदरावांपुढे येऊन उभे राहिले.

"मी गाय गमावली असती," ते म्हणाले, "अन् कशानं गेली ते मला कधी कळलं नसतं. माझंच काय चुकलं म्हणून बसलो असतो. तू बोललास. आता तोंड उघड."

मुकुंदरावांनी त्या हाताकडे पाहिलं. तीनदा धुतलेला, खरा. पण नखांच्या कडेला अजून जरा काळसर होतं, ते म्हाताऱ्या नखांचं की कशाचं, कोण सांगणार. घास तोंडापाशी थांबला होता.

"माझ्या हातचं खायला भ्यालास," आबा म्हणाले, "तर आजपून मी पखवाजाला हात लावणार न्हाई."

मुकुंदरावांनी डोळे मिटले आणि घास घेतला.

मग चारशे माणसं काला हातात न घेता, श्वास धरून, मुकुंदरावांकडे बघत बसली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. महाराज घड्याळ बघत होते. रजनीताई उठून पुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या, कोणत्या रागाने आणि कोणत्या काळजीने ते त्यांचं त्यांना माहीत. शेवटी मुकुंदराव डोळे उघडून हळूच म्हणाले, की मीठ जरा कमी आहे. तेव्हा कुठे मांडवाने काल्याला हात लावला.

पखवाजावाचून आरती झाली, नुसत्या टाळांवर आणि टाळ्यांवर. आबा मधोमध बसून रिकाम्या मांडीवर बोटं वाजवत होते.

तर मंडळी, हकिगत एवढीच. आता माझं एक मागणं आहे. कोणत्याही गावात, कोणत्याही मांडवात, काल्याचा घास तुमच्या ओंजळीत पडेल, तेव्हा तोंडात घालण्याआधी आमच्या भागवत आबांना क्षणभर मनात आणा. त्यांना ऐकू येत नाही, पण कुणी आठवण काढली की कळतं, असं ते म्हणतात.